जगप्रदक्षिणा आणि एक किल्ली

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा पाठ)



आमच्यासारख्या लेथवर लोखंड कातण्यात जन्म घालविलेल्या माणसास व्यासपीठावर उभे करून ‘जगप्रवासातील गमतीजमती सांगा’ असा हुकूम चिटणीसांनी सोडला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. प्रवासावर बोलावे ते ज्यांना भाषा वश आहे त्यांनी. परंतु चिटणीस आमच्या घरी तीन वेळा आले, आणि तिसऱ्या खेपेस आमच्या सौभाग्यवतींनी चहाच्या कपाबरोबर त्यांना परस्पर होकारही देऊन टाकला. तेव्हा आजच्या भाषणात जे काही उणे असेल त्याचा निम्मा दोष त्यांच्याकडे जातो, हे आरंभीच नमूद करून ठेवतो.

ज्ञातीच्या सभेत प्रवासाविषयी बोलायचे म्हणजे थोडी गंमतच आहे. एके काळी परदेशी जाऊ पाहणाऱ्या माणसाला अशा सभेत बोलावीत, ते जाब विचारण्यासाठी. १८८८ साली विलायतेस निघालेल्या मोहनदास गांधी नावाच्या तरुणाला त्याच्या मोढ वाणी ज्ञातीने याच मुंबईत सभा भरवून बहिष्कृत केले, आणि जो कोणी त्याला मदत करील किंवा धक्क्यावर निरोप देण्यास जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरविला. त्याच्या पाच वर्षे आधी, १८८३ च्या एप्रिलमध्ये, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत चढल्या, तेव्हा वयाने अठरा वर्षांच्या होत्या. बरोबर पती नाही, नातलग नाही. ‘हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन’ अशा आशयाचे भाषण त्यांना जाण्यापूर्वी श्रीरामपुरास करावे लागले. आज त्याच समुद्रापलीकडच्या गोष्टी ऐकण्यासाठी आपण सतरंज्या अंथरून, खुर्च्या मांडून बसला आहात. दंडाची रक्कम मात्र आम्ही खिशात आणून ठेवली आहे. अध्यक्षांनी मागितल्यास देऊ.

साहसाची मापे लावायची झाली तर आमचा प्रवास कोणत्याच मापात बसणार नाही. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवर बसून निघाले; त्यांपैकी हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघे इराणचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे करीत १९२८ साली परत आले. आपल्या नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी तर २००९ ते २०१० या काळात गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. मध्ये थांबे फक्त चार. त्यांच्यापुढे आम्ही विमानाच्या खुर्चीत बसून पट्टा आवळणारे कोण? इतकेच की कोणत्याही सहलकंपनीच्या झेंड्यामागून आम्ही गेलो नाही. तिकीट आमचे, वाट आमची, आणि चुकाही आमच्याच.

हे वेड आले कोठून, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर साकीनाक्याच्या आकाशात आहे. आमचे वडील राजापूर तालुक्यातून मुंबईस आले आणि साकीनाक्याच्या टेकाडाच्या पायथ्याशी त्यांनी बिऱ्हाड थाटले. आम्ही लहान असताना अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या दोहों अंगांस अजून गवत होते. सांताक्रूझच्या धावपट्टीकडे उतरणारी विमाने डोक्यावरून इतकी खाली येत की आई वाळवणाच्या पापडांवर फडके टाकी. (विमानातून काही पडत नसे, पण तिचा विश्वास नव्हता.) १९७१ साली एअर इंडियाचे पहिले जंबो आले, तेव्हा आम्ही सतरा वर्षांचे होतो आणि एका कारखान्यात उमेदवारी करीत होतो. ते अवजड धूड टेकाडामागे नाहीसे होईपर्यंत पाहत राहिलो आणि चकमधला जॉब वाया घालवून मिस्त्रीची बोलणी खाल्ली. पुढे आम्ही आणि आमचे धाकटे बंधू यांनी सफेद पुलाजवळ भाड्याचा गाळा घेऊन स्वतःचा कारखाना काढला. दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल. बंधूंच्या हाताला यंत्र वश होते. आमच्याकडे हिशेब, बँक, कर, विमा आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणे. ही वाटणी आपण लक्षात ठेवावी, कारण पुढील हकीकत तिच्यावरच उभी आहे.

आमचा पहिला परदेशप्रवास १९९३ साली घडला, तोही कामानिमित्त. नैरोबीच्या एका गुजराती व्यापाऱ्यांना आम्ही काही सुटे भाग करून पाठविले होते आणि ते बसविण्यास कोणीतरी जाणे जरूर होते. काम चार दिवसांत आटोपले. पुढचे दहा दिवस आम्ही एकट्याने हिंडलो. नैरोबीहून मोंबासाला रात्रीच्या आगगाडीने गेलो. तो लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात घातला गेला, आणि त्यासाठी आपल्या देशातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेण्यात आले होते. त्सावोच्या पुलावर १८९८ साली दोन सिंहांनी त्यांतले किती खाल्ले, याची चर्चा आमच्या डब्यातील सहप्रवासी जेवणाच्या वेळेसच का करीत होते ते कळले नाही. मोंबाशाहून बसने दारेसलाम, तेथून बोटीने झांजिबार. झांजिबारच्या गल्लीत लवंगांचा वास इतका दाट की घरी आल्यावर महिनाभर आमच्या सदऱ्यांना मसालेभाताचा वास येत होता.

खरी फजिती परत येताना झाली. पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्यास पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला दाखवावा लागतो. दाखला आमच्यापाशी होता. परंतु लस टोचल्यापासून दहा दिवस उलटल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि आम्ही तर निघण्याच्या आदल्या दिवशी टोचून घेतली होती. म्हणजे पूर्व आफ्रिकेतले पहिले नऊ-दहा दिवस आम्ही संरक्षणावाचून हिंडलो, एवढाच त्याचा अर्थ, असे आम्ही समजत होतो. पण घाईत टोचणाऱ्याने दाखल्यावर महिन्याचा आकडा चुकीचा घातला होता आणि आम्ही तो वाचून पाहिला नव्हता. कागदाप्रमाणे आमची लस अजून टोचायची होती! अधिकारी सभ्य होते. त्यांनी नियम दाखविला आणि आमची रवानगी सहा दिवसांसाठी विमानतळाजवळच्या विलगीकरणगृहात केली. सहा दिवस अशासाठी की तो ताप अंगात असला तर तेवढ्या अवधीत बाहेर पडतो. साडेचार हजार किलोमीटर उडून आलेला माणूस घरापासून हाकेच्या नसला तरी टांग्याच्या अंतरावर अडकून पडला. साकीनाक्यावरून जाणारी तीच विमाने आता आम्ही दुसऱ्या बाजूने ऐकत होतो. आई रोज डबा पाठवी. तिसऱ्या दिवशी डब्यात चिठ्ठी आली : ‘घरी येताना लवंगा आणल्या असतील तर त्याही उन्हात ठेवून मग आण.’

त्यानंतर बारा वर्षे कोठे जाणे झाले नाही. मुलीचे शिक्षण, तिचे लग्न, गाळा विकत घेणे. आपल्या सर्वांचे असते तसेच. परंतु २००५ साली आम्ही एकावन्न वर्षांचे झालो, आणि एका रात्री बंधूंजवळ विषय काढला : पावसाळ्यात कामे मंद असतात, तेवढ्यात दोन-अडीच महिने उभयतांनी जगाला एक फेरी मारून यावी, असे मनात आहे. बंधू बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “दादा, जाऊन या. पाय चालतात तोवरच.” त्यांच्या मनात दुसरे काही होते की काय, ते आम्ही विचारले नाही. आपल्याला हवे ते उत्तर मिळाले की माणूस पुढचा प्रश्न विचारीत नाही.

पृथ्वीप्रदक्षिणेचे म्हणून एक तिकीट मिळते. त्याचा नियम असा की एकदा पूर्वेस निघालात की पूर्वेसच जात राहायचे. माघारी वळता येत नाही. देवळाच्या प्रदक्षिणेसारखेच. व्हिसांसाठी आम्ही वसंत ऋतू रांगांत काढला. भुलाभाई देसाई रस्त्यावर अमेरिकेच्या वकिलातीसमोर पहाटेपासून उभे राहिलो. बँकेची पुस्तके, कराची पत्रके, गाळ्याचा दस्त, लग्नपत्रिकासुद्धा फाइलीत. कारकून महाशयांनी यांपैकी काहीएक न पाहता एकच प्रश्न विचारला, “परत येणार का?” आम्ही म्हटले, “कारखाना आहे.” तेवढ्यावर शिक्का बसला.

जूनच्या मध्यास निघालो. त्या दिवशी सकाळी गाळ्यात जाऊन पोटमाळ्यावरच्या पोलादी कपाटाचा खण आवरला, कुलूप लावले आणि किल्ली खांद्यावरच्या पिशवीत टाकली.

बँकॉकचे चार दिवस सुखात गेले, म्हणून त्यांविषयी सांगण्याजोगे काही नाही. टोकियोत मात्र पहिल्याच दिवशी ती पिशवी आम्ही आगगाडीत विसरलो. पिशवीत प्रवासी धनादेश, दोघांची पारपत्रे, सौभाग्यवतींच्या मधुमेहाच्या गोळ्या आणि अर्थात ती किल्ली. फलाटावर उतरलो, दारे मिटली, गाडी गेली, आणि मग हात खांद्याकडे गेला. सौभाग्यवती मटकन बाकावर बसल्या. फलाटावरच्या गणवेशधारी माणसाला इंग्रजी येत नव्हते. आम्ही खांद्यावर पिशवी असल्याचा, मग नसल्याचा अभिनय केला. त्याने नकाशावर बोट ठेवले आणि बोट गोल फिरविले. ती यामानोते नावाची मार्गिका वर्तुळाकार आहे. सुमारे साडेचौतीस किलोमीटरांचा फेरा, तासाभरात गाडी होती तेथे परत येते! त्याने डब्याचा क्रमांक कोठे लिहिला आहे ते फलाटाच्या फरशीवर दाखविले, दूरध्वनी केला, आणि आम्हांस बसविले. बासष्ट मिनिटांनी पिशवी आली, जशीच्या तशी. वर कोणीतरी तिचा उघडा राहिलेला बंद नीट ओढून घेतला होता. आमच्या आधी आमच्या पिशवीचीच प्रदक्षिणा पुरी झाली, असे सौभाग्यवती म्हणाल्या. त्या वेळी आम्ही खूप हसलो.

टोकियोहून लॉस एंजेलिसला जाताना पॅसिफिक महासागरावर वाररेषा ओलांडावी लागते. शनिवारी दुपारी निघालेला मनुष्य रात्र विमानात काढून शनिवारीच सकाळी उतरतो. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फॉग याच हिशेबात चुकून पैज हरला असे समजत होता. आमच्याकडे पैज नव्हती, पण संकष्टी होती. सौभाग्यवतींनी टोकियोत सकाळपासून उपवास धरला. विमान पूर्वेकडे धावत असल्याने रात्र लवकर आली, आणि काही तासांनी उजव्या बाजूच्या खिडकीतून चंद्र दिसला. त्यांनी खिडकीच्या काचेलाच हळदीकुंकवाची पुडी दाखवून नमस्कार केला आणि सोबत आणलेला लाडू खाल्ला. इतके यथासांग झाले. परंतु उतरल्यावर पुनः तोच शनिवार, तीच तारीख, आणि रात्री पुनः चंद्र उगवणार. आता उपवास सुटला म्हणावा की मोडला? आम्ही म्हटले, गणपतीने एकच उपवास मागितला आहे. त्या म्हणाल्या, “अहो, त्याने मागितला तेवढाच द्यायचा असतो असे कोणी सांगितले?” आणि दुसऱ्याही शनिवारी त्या उपाशी राहिल्या. या प्रश्नाचा निर्णय आपल्या सभेतील जाणत्या मंडळींनी द्यावा. आमच्या घरात तो अद्याप प्रलंबित आहे.

अमेरिकेत आम्ही तीन आठवडे बसने हिंडलो. मैलच्या मैल रस्ता, मैलच्या मैल मका. दर रविवारी घरी दूरध्वनी करावयाचा, असे ठरलेले होते. त्यासाठी दुकानात एक पत्र्यासारखे कार्ड मिळे; त्यावरचे आकडे दाबीत बसायचे आणि मग मिनिटे मोजत बोलायचे. जुलैच्या पहिल्या रविवारी आई बोलली, पावसाचे सांगितले. मग बंधू आले. म्हणाले, “दादा, तुमच्या त्या खणाची किल्ली...” एवढ्यात कार्डाचे पैसे संपले. दुसरे कार्ड दहा पावलांवरच्या दुकानात होते. पाच डॉलर. आम्ही मनात म्हटले, पुढच्या रविवारी विचारू. पुढच्या रविवारी त्यांनी विषय काढला नाही आणि आम्हांला आठवला नाही.

तेथून पेरू देशाची राजधानी लिमा. येथे आम्हां शाकाहारी माणसांची एक वेगळीच तारांबळ. ‘मांस नको’ हे स्पॅनिशमधून आम्ही पाठ करून गेलो होतो. पण तेथे त्या शब्दाचा अर्थ गोमांस अथवा तत्सम एवढाच घेतात, कोंबडी त्यात येत नाही. त्यामुळे ‘मांस नको’ म्हटले की हसतमुखाने कोंबडीचे सूप पुढे येई. शेवटी उकडलेले बटाटे आणि मका यांवर दिवस काढले. बटाटा त्याच डोंगरातून जगभर गेला आहे, आणि तेथे त्याच्या इतक्या जाती की जांभळा, पिवळा, काळा असे ताट भरावे.

२४ जुलैस विमानाने कुस्को गाठले. समुद्रसपाटीवरून तासाभरात ३,४०० मीटर उंचीवर. सौभाग्यवतींना विरळ हवा बाधली. डोके ठणके, अन्न ठरेना. ज्यांच्या घरी खोली घेतली होती त्या बाई साठीच्या, वेण्या घातलेल्या, जाड लोकरी घागऱ्यातल्या. त्यांनी कोकाच्या पानांचा उकाळा करून दिला आणि खूण केली : निजून राहा. माचू पिक्चूची तिकिटे २८ तारखेची होती.

२७ जुलैस सकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या संगणकाच्या दुकानात पत्रे पाहण्यास गेलो. पडद्यावर मुंबईचे नाव होते.

आपणांपैकी बहुतेकांनी ती २६ जुलै अंगावर काढली आहे, तेव्हा तिचे वर्णन आम्ही, जे येथे नव्हतो त्यांनी, आपणांस करावे हे शोभत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि कुलाब्यास त्याच्या दशांशही नाही. विहार आणि पवईचे तलाव भरून ज्या मिठी नदीत सांडतात ती आपल्या सफेद पुलाखालून जाते. हे सारे आम्ही पेरू देशात बसून अक्षर अक्षर वाचले. खाली एक ओळ होती : साकीनाका येथे दरड कोसळून झोपड्या गाडल्या गेल्या, मृतांची संख्या वाढत आहे. आमचे घर टेकाडाच्या पायथ्याशी. घरी आई, वय ब्याऐंशी. वहिनी. बंधू. त्यांची दोन मुले.

दूरध्वनी लागेना. घरचा मुका, गाळ्यातला मुका, बंधूंचा खिशातला मुका, शेजाऱ्यांचा मुका. पुण्यातील भाच्याला संगणकावरून पत्र टाकले. त्याचे उत्तर आले की मलाही कोणी लागत नाही, रस्ते बंद आहेत. मुंबईचा विमानतळ तीस तासांहून अधिक बंद राहिला. आणि येथे २८ व २९ जुलै हे पेरूच्या स्वातंत्र्याचे सण. तिकिटाची कचेरी बंद, बँक बंद, चौकात वाद्ये वाजताहेत, मुले झेंडे घेऊन धावताहेत. प्रदक्षिणेच्या तिकिटाला मागे वळता येत नाही, आणि पुढे जायचे तर कचेरी उघडेल तेव्हा.

त्या रात्री, सौभाग्यवतींना झोप लागल्यावर, आम्ही पैसे मोजण्यासाठी पिशवी उपडी केली आणि किल्ली पांघरुणावर पडली. तेव्हा आठवले. कारखान्याच्या विम्याचे नूतनीकरण १० जुलैस होते. त्याचा धनादेश सही करून, विमा कचेरीच्या सूचनापत्रासह पाकिटात घालून, आम्ही त्या खणात ठेवला होता. निघताना बंधूंच्या हाती द्यायचा म्हणून. हप्ता हाती पडल्याखेरीज विमा कंपनीची जोखीम सुरू होत नाही, हे आमच्याइतके आमच्या घरात कोणासही ठाऊक नव्हते, कारण ते खाते आमचे होते. ‘दादा, तुमच्या त्या खणाची किल्ली’ या वाक्याचा उरलेला अर्धा भाग आम्हांस त्या रात्री ऐकू आला.

घरधनीणबाईंना आमची भाषा येत नव्हती, आम्हांस त्यांची. त्यांच्या पुतण्याला थोडे इंग्रजी येई. त्याने सांगितले की बाई मूळच्या युंगाय गावच्या. ३१ मे १९७० रोजी भूकंप होऊन हुआस्करान पर्वताचा कडा सुटला आणि बर्फ, चिखल व दगड यांखाली ते सबंध गाव काही मिनिटांत गाडले गेले. बाई त्या दिवशी बाजाराला दुसऱ्या गावी गेल्या होत्या. एवढे सांगून झाल्यावर बाईंनी आमच्याकडे पाहिले आणि बोटांनी मोजून विचारले, घरी किती? आम्ही सहा बोटे दाखविली. आमची मुलगी पनवेलीस, तिलाही धरले. त्यांनी सहा मेणबत्त्या लावल्या, आणि पुतण्याला सणाच्या दिवशी दुकान उघडावयास लावून आम्हांस संगणकापाशी बसविले. २९ तारखेस दुपारी भाच्याचे पत्र आले. ‘सर्व जिवंत. मामा रात्रभर पोटमाळ्यावर. घराला काही नाही. गाळा गेला.’

माचू पिक्चू आम्ही पाहिले नाही. पडद्यावर दाखविण्याच्या चित्रांत ते का नाही, असे मघाशी एका मुलाने विचारले, त्याचे कारण हे.

परतीच्या वाटेवर ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर सात तास बसावे लागले. सौभाग्यवती बाकावर डोळे मिटून होत्या. फरशी पुसणाऱ्या एक सावळ्या बाई जवळ येऊन काहीतरी म्हणाल्या. भाषा डच नव्हे, हिंदीही नव्हे, पण कानांना इतकी ओळखीची की आम्ही दचकलो. आमच्या गाळ्यातले जौनपूर-आजमगडचे कारागीर आपसांत बोलतात, तशीच ती बोली. बाई सूरीनामच्या. १८७३ साली ‘लल्ला रूख’ हे पहिले जहाज आपल्याकडील मजूर घेऊन त्या देशात पोचले; त्यांच्याच पुढच्या एका जहाजातून यांचे पणजोबा गेले, आणि तेथून हे लोक पुढे हॉलंडात आले. आम्ही साकीनाक्याच्या कारखान्यातल्या बोलीत उत्तर दिले, तेव्हा त्यांनी फडके खाली ठेवले. हकीकत ऐकून स्वतःचे दूरध्वनीचे कार्ड काढले आणि आकडे दाबून यंत्र आमच्या कानास लावले. घंटा वाजली. सहा दिवसांनी प्रथमच वाजली. आई म्हणाली, “तुम्ही दोघे जेवलात का?” आम्हांस बोलता येईना, यंत्र सौभाग्यवतींकडे दिले. बाईंनी कार्डाचे पैसे घेतले नाहीत.

२ ऑगस्टच्या पहाटे उतरलो. घरी पिशव्या टाकून तसेच गाळ्यात गेलो. भिंतीवर पाण्याची रेघ आमच्या डोक्याच्या वर हातभर होती. बंधू आणि चार कारागीर त्या रात्री पोटमाळ्यावर बसून होते. खाली लेथ पाण्यात. पाणी ओसरल्यावर बोटभर जाड चिखल, आणि लोखंडाला गंज चढावयास एक दिवस पुरतो. कारागिरांनी मोटरी उतरवून रांगेत मांडल्या होत्या आणि गुंडाळ्या वाळाव्यात म्हणून त्यांच्याभोवती दिवे लावले होते. बंधू घासलेटात फडके बुडवून लेथचा बेड पुशीत होते. वर पाहून म्हणाले, “आलात?”

आम्ही पोटमाळ्यावर गेलो. कपाट तेथे कोरडे होते. कुलूप शाबूत. विम्याच्या दलालाने जुलैच्या आरंभी दोनदा आठवण दिली होती, तेव्हा बंधूंना समजले होते की धनादेश खणात असणार. एका कारागिराने पहार आणली, ‘तोडून टाकू’ म्हणाला. बंधूंनी तोडू दिले नाही. दादांचा खण कसा फोडायचा, ते पुढच्या रविवारी बोलतीलच की. पुढच्या रविवारी आम्ही मक्याच्या शेतांविषयी बोललो. हे सारे आम्हांस त्या कारागिराने सांगितले. बंधूंनी आजतागायत नाही.

आम्ही किल्ली लावली, पाकीट काढले, खाली येऊन त्यांच्यापुढे धरले. त्यांनी हात पुसले, पाकीट न उघडताच आमच्या खिशात घातले आणि म्हणाले, “दादा, हेडस्टॉक उघडायला माणूस हवा आहे. कपडे बदला.”

नुकसान सव्वातीन लाखांचे झाले. विम्यातून एक पैसा मिळाला नाही, आणि त्यात विमा कंपनीचा काही दोष नव्हता. आपल्या मंडळाच्या आपद्निधीतून त्या सप्टेंबरात बंधूंच्या नावे पन्नास हजार रुपये बिनव्याजी मिळाले. ते चार वर्षांत फेडले. त्या वेळच्या अर्जावर नुकसानीचे कारण ‘अतिवृष्टी’ असे लिहिले होते आणि विम्याच्या रकान्यात ‘नाही’. तो अर्ज बंधूंनी लिहिला. ‘नाही’ का, ते कार्यकारी मंडळाने विचारले नाही, आणि आम्ही, त्या बैठकीस हजर असूनही, सांगितले नाही. कित्येकांनी त्या काळी आमच्या समक्ष बंधूंना म्हटले की विमा उतरवायला नको होता का, धंद्यात एवढी बेफिकिरी बरी नव्हे. ते ऐकून घेत. आम्ही शेजारी उभे असू. चिटणीसांनी गमतीजमती सांगा म्हटले होते. परंतु ज्या सभेत तो बोल त्यांना लागला त्या सभेत हे सांगितल्यावाचून संकष्टीची आणि कोंबडीच्या सुपाची गोष्ट सांगणे आम्हांस जमेना.

बंधू आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत आणि आम्ही काय बोलणार हे त्यांना ठाऊक नव्हते. ते आता मान खाली घालून हातातली कार्यक्रमपत्रिका वाचीत आहेत, असे येथून दिसते.

अध्यक्षांनी घंटा वाजविली आहे. झांजिबारची, टोकियोची आणि कुस्कोच्या त्या बाईंची चित्रे चहापानानंतर पडद्यावर दाखविण्यात येतील. मुलांनी पुढे बसावे. लवंगा आम्ही आणल्या आहेत. दाराशी ताटात ठेवल्या आहेत, आणि आईच्या आज्ञेप्रमाणे उन्हातून काढलेल्या आहेत.